तुमचं कोण आहे यात?

तिसरी घंटा:

मागच्या शनिवारी संध्याकाळी नागपुरात लक्ष्मीनगरकडून घरी परतत होतो. एका इमारतीच्या जिन्यापाशी फळा टेकवून ठेवलेला, त्यावर खडूनं लिहिलेलं: चार नव्या एकांकिका, साडेसहा वाजता, तिकीट १०० रुपये. घरी जाऊन तरी काय करणार होतो? चढलो वर.

हॉल म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या ८४ (वेळ होता, मोजल्या). समोर फूटभर उंचीचा रंगमंच, मागे काळे पडदे. त्यातला एक पडदा नसून पलंगपोस होता, कडेची नक्षी दिसत होती. बसतो न बसतो तोच शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचं कोण आहे यात?"

दवाखान्याच्या बाकावर विचारतात तसं. मी म्हटलं, कोणी नाही.

"कोणीच नाही? मग आले कसे?"

फळा पाहून आलो म्हटल्यावर त्यांनी पुढच्या रांगेला सांगितलं, "हे असेच आले आहेत." चार माना वळल्या. मध्यंतरात एक पोरगा माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि कप हातात देऊन तसाच उभा राहिला. मला वाटलं, पैसे हवेत. त्याला फक्त विचारायचं होतं की दुसरी एकांकिका कळली का.

कळली होती, पण संपली कधी ते कळलं नव्हतं. अंधार झाला आणि कोणी टाळीच वाजवेना. जुन्या नाटकाचं बरं असतं, शेवट सगळ्यांना पाठ असतो. इथे ८४ माणसं अंधारात एकमेकांची वाट पाहत बसली. कोणी तरी खोकललं. दिवे लागले तर कलाकार हात जोडून उभे, मग एकदम टाळ्या.

तर नागपुरात किंवा आजूबाजूला तुम्ही कधी नवी एकांकिका केली असेल, पाहिली असेल, नुसत्या खुर्च्या मांडल्या असतील, तर लिहा. प्रयोग गाजलेलाच हवा असं नाही. फसलेला असेल तर आधी लिहा.

जळका फ्यूज:

मी प्रकाशयोजना करतो, म्हणजे प्रेक्षकांच्या मागे बसतो. त्यामुळे मला नाटक कमी आणि डोकी जास्त दिसतात. माणूस कंटाळला की आधी मान हलते, मग खुर्ची करकरते, मग मोबाइलचा उजेड हनुवटीवर पडतो. परीक्षकांपेक्षा हे लवकर कळतं.

१९८० च्या दशकात कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला आमच्याकडे डिमर नव्हता. चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी, तळाशी एक पत्रा, दुसरा पत्रा लाकडी दांडीला बांधून वरून सोडलेला. दांडी खाली नेली की पत्रे जवळ येतात, जास्त वीज जाते, दिवा उजळतो. वर ओढली की मंद. लांबलेल्या प्रवेशात ते पाणी तापून उकळायला लागायचं आणि शांत संवादाच्या मागे बुडबुड ऐकू यायचं. एका मित्राला असा झटका बसला होता की तो विंगेतून थेट रंगमंचावर आला. कोणीही करून पाहू नये.

आता सगळं एलईडी. बोटाच्या टोकावर सूर्यास्त. तरी एक तक्रार आहेच. जुना हॅलोजन विझताना आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग जायचा. झोप लागल्यासारखा. हे नवे दिवे तसे उतरत नाहीत, शेवटच्या टप्प्यावर एकदम गचका देऊन बंद होतात. मेलोड्रामाला बरे, म्हातारपणाच्या नाटकाला वाईट.

आणि मे महिन्यात छोट्या हॉलमध्ये प्रयोग लावणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. दोन कूलर आणि माझे सहा दिवे एकाच लाइनवर. दोन्ही चालू केलं की एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा खटका, पडतो. दिग्दर्शक म्हणतो कूलर बंद कर, प्रेक्षक म्हणतात दिवे बंद कर.

संत्र्याची फोड:

मी कूलरच्या थेट समोर बसली होती. तीन एकांकिका झोपेत झाल्या. चौथी फार चांगली होती.

सोफेवाली सून:

माझं "कोण" म्हणजे माझा नवरा. बँकेत आहे, संध्याकाळी नाटक. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यामुळे घरातून काय काय जाऊ शकतं याचा मला अंदाज आहे: कंदील, सासूबाईंचं नऊवारी, माझ्या माहेरचा तांब्या. पण गेल्या हिवाळ्यात चौघं पोट्टे छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले आणि सोफा घेऊन गेले.

"दोनच दिवस," हा म्हणाला.

सोफ्यावर माझे सासरे बसतात. म्हणजे दुसरं कोणी बसत नाही. त्यांना सांगितलं, बाबा, कापड बदलायला दिला आहे. ते तीन दिवस जेवणाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत राहिले, अगदी शांतपणे. तीच शांतता भीतीदायक होती. प्रयोगाच्या दिवशी कुटुंबाला पास, म्हणून तेही आले. पडदा बाजूला झाला आणि मधोमध आमचा सोफा, त्यावर कोणाचा तरी पोरगा बुटासकट पाय वर घेऊन पडलेला.

एकांकिका वडील आणि मुलाच्या अबोल्यावर होती म्हणे. मी एक वाक्य ऐकलं असेल तर शपथ. मी सोफा पाहत होते आणि सासरे तो बूट पाहत होते. शेवटी नायिका त्याच सोफ्यावर कोसळून रडली तेव्हा सासरे मोठ्यांदा म्हणाले, "हळू बस बाई." अख्खा हॉल हसला. दिग्दर्शक अजून माझ्या नवऱ्याशी नीट बोलत नाही.

खोडरबर:

हसण्यावरून आठवलं, आणि हे थोडं लांबेल.

मी लिहितो. पहिली एकांकिका तिकिटावर करायची म्हणून संहिता रीतसर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवली, प्रमाणपत्र आलं, हॉल ठरला. गोष्ट साधी. काटोल रस्त्याला लागून असलेली चार एकर मुलं परस्पर विकतात आणि म्हाताऱ्याला ते चहाच्या टपरीवर कळतं. घरी येऊन तो एकच वाक्य बोलतो: "मले कोनी इचारलं काहून नाही?"

तालमीत हे वाक्य आलं की आमची मेकअपवाली डोळे पुसायची. मी दाराशी उभा. वाक्य आलं. हॉल खो खो हसला.

मला वाटलं, नटाचं काही तरी चुकलं. धोतर सुटलं असेल. तसं काहीच नव्हतं. ते "मले" आणि "काहून" यांनाच हसले होते. आपल्याच गावात, आपलीच माणसं, ज्यांच्या घरी आजोबा असेच बोलतात. इतकी वर्षं नाटकात नि सिनेमात वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गडी, हवालदार नाही तर बावळट पाहुणा. कानाला सवय लागली आहे. ही बोली आली की हसू सुटतं, अर्थ मागाहून पोचतो.

दिग्दर्शक म्हणाला, प्रमाण मराठीत कर, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. मी अडून बसलो. म्हातारा "मला कोणी का विचारलं नाही" म्हणाला तर तो माझा म्हातारा राहत नाही. आठवडाभर भांडलो. शेवटी उत्तर नटानं दिलं. तो म्हणाला, मी एकटा असा बोलतो आणि मुलं-सुना पुस्तकातलं बोलतात, म्हणून मी नमुना दिसतो. सगळ्यांनाच बोलू द्या ना.

मग सगळी संहिता पुन्हा लिहिली. वकीलसुद्धा तसंच बोलतो. दुसऱ्या प्रयोगाला पहिली पाच-सात मिनिटं लोक हसले, हसून घेतलं, कान सरावले. त्या वाक्याला कोणी हसलं नाही. एक जण हसला, पण त्याला बाजूच्या बाईनं कोपर मारलेलं मी पाहिलं.

कडू कारलं:

सगळे कौतुक करून राहिले म्हणून मी वाईटपणा घेतो. त्या शनिवारी मीही होतो. चारपैकी तीन एकांकिकांत शेवटी कोणी तरी मरतं. दोनांत मेलेला माणूस आधीपासूनच मेलेला होता, हे शेवटी कळतं. आणि चारही ठिकाणी ते काळे लाकडी ठोकळे! ठोकळा म्हणजे खुर्ची, ठोकळा म्हणजे विहीर, ठोकळा म्हणजे चिता, दोन जोडले की बस.

हे स्पर्धांमुळे आलं आहे. स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात, चार पोरांनी दोन फेऱ्यांत उचललं पाहिजे, म्हणून ठोकळा. परीक्षकाच्या लक्षात राहावं म्हणून शेवटी धक्का. ठीक आहे, तिथे ते समजू शकतो. पण इथे ना स्पर्धा, ना परीक्षक, ना घड्याळ. तरी स्पर्धेची सवय जात नाही. म्हणून सोफ्याच्या सूनबाईंना मनापासून सांगतो, तुमचा सोफा त्या वर्षीचं सर्वोत्तम नेपथ्य असणार.

जळका फ्यूज:

ठोकळ्यांवर दिवा चांगला पडतो हो. सोफ्याच्या रेक्झिनवर चमक मारते.

निवृत्त खडू:

"तुमचं कोण आहे यात" यावरून एक सांगतो. नागपुरातल्या वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

साठच्या दशकात आपल्याच शहरात एक तरुण प्राध्यापक सिनेमाला गेले. तिकीट मिळालं नाही. वेळ काढायचा म्हणून नाटकाला जाऊन बसले. विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो, मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहतांचं. पाहून इतके हलले की दुसऱ्यांदाही पाहिलं आणि आपणही लिहायचं असं ठरवून टाकलं. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा'त छापून आली. ते महेश एलकुंचवार. पुढे विजयाबाईंनीच त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. 'होळी'सुद्धा मुळात एकांकिकाच, सिनेमा नंतर झाला.

आता मला सांगा, त्या दिवशी नाट्यगृहात त्यांचं तरी कोण होतं? सिनेमाचं एक तिकीट शिल्लक असतं तर?

मी स्वतः इंग्रजी शिकवायचो, एक ओळही लिहिली नाही. झाशी राणी चौकातल्या जुन्या धनवटे रंगमंदिरात मात्र पुष्कळ बसलो आहे. हल्लीच्या छोट्या हॉलच्या खुर्चीत दीड तास बसलं की कंबर बोलायला लागते. आयोजकांनी पहिल्या रांगेत तरी उशी ठेवावी.

वडशाची पाहुणी:

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, काम करते. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत चालतो. मंडई म्हणजे गावची जत्रा असली, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की त्या गावात रात्री नाटक. मांडव शेतात, प्रेक्षक हजारांत, घोंगडी-चादरी घेऊन येतात. रात्री दहानंतर पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. आज या गावात, दिवसा गाडीत झोप, उद्या त्या गावात.

नागपूरच्या एका दिग्दर्शकानं मला एकांकिकेत बोलावलं. पस्तीस मिनिटांचं काम! मी मनात म्हटलं, हे तर आमच्याकडे गाणी धरून पहिल्या प्रवेशातच संपते. तालमीत मी पहिलं वाक्य बोलले आणि सगळे दचकले. मला आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत न्यायची सवय. दिग्दर्शक म्हणाला, ताई, शेवटची खुर्ची पंचवीस फुटांवर आहे.

आवाज कमी करणं जमलं. जमलं नाही ते डोळ्यांचं. मांडवात समोर अंधार असतो, माणसं म्हणजे एक गरम वाफ. इथे पहिल्या रांगेतल्या बाईचं मंगळसूत्र दिसत होतं, तिच्या पिशवीतली मेथीची जुडी दिसत होती. मी रडत होते आणि ती माझ्याकडे पाहून रडत होती, हातभर अंतरावरून. हजार माणसांसमोर कधी वाक्य विसरले नाही, तिच्यासमोर विसरले. आमच्याकडे प्रॉम्प्टर असतो. इथे कोणी नाही. मी तिच्याकडेच पाहत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर आल्यावर लोक म्हणाले, तो पॉज काय घेतला!

मी कोणाला सांगितलं नाही. आता सांगितलं.

मुका बाप:

डिसेंबरातली गोष्ट. विधिमंडळाचं अधिवेशन चालू, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, आमची नायिका मोर्च्याच्या मागे अडकून अर्धा तास उशिरा आली, तोंड न धुताच उभी राहिली. ते सोडा.

मी बाप करत होतो. अख्ख्या एकांकिकेत मला एकही संवाद नाही. मुलगी पळून गेलेली, आणि शेवटी सात-आठ मिनिटं मी एकटा तिची खोली आवरतो. बस इतकंच. संगीत नाही, काही नाही. मी तिची ओढणी घडी करायला घेतली आणि खालच्या रस्त्यावरून वरात आली. डीजेसकट. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. लग्नसराईत नागपुरात प्रयोग लावला तर हे होणारच, पण नेमकं तेव्हा?

थांबावं की चालू ठेवावं? विंगेत दिग्दर्शक कपाळ धरून उभा. मी ओढणी तशीच हातात घेऊन प्रेक्षकांच्या बाजूला गेलो, तिथे खिडकी आहे असं समजून वाकून खाली पाहिलं. वरात पाहिली. नवरीला शोधल्यासारखं केलं. मग खिडकी लावून घेतली. डीजे अर्थातच थांबला नाही, पण नंतर तो मला त्रास देईनासा झाला.

दिग्दर्शकानं पुढच्या प्रयोगाला वरातीचा आवाज मुद्दाम रेकॉर्ड करून लावला. तो काही तितका जमला नाही.

तिसरी घंटा:

पाहुणीबाई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. खडू सर, उशीचं आयोजकांच्या कानावर घालतो. आता त्यांची आणि माझी ओळख झाली आहे, चहाच्या पोरानं नंबर घेतला. कारलं, मेलेल्यांबद्दल पटलं, पण पहिल्या एकांकिकेतली शिवणयंत्रवाली बाई मेली नव्हती, तिच्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

सूनबाई, सोफ्याचं पुढे काय झालं?

सोफेवाली सून:

आला परत. दोन दिवसांचे अकरा झाले. एक पाय हलतो, खाली कागदाची घडी घातली आहे. सासरे त्यावर बसले आणि पहिल्यांदा काय विचारलं, तर "त्या पोरीचं मग काय झालं?" म्हणजे नाटक पाहिलं होतं त्यांनी.

पुढच्या महिन्यात नवी एकांकिका आहे. या वेळी पलंग मागितला आहे.