डेनहोम इलियट फक्त विनोदी नव्हे

ब्रिटिश अभिनेते डेनहोम इलियट म्हणजे 'इंडियाना जोन्स' या साहसी सिनेमालिकेतला वेंधळा मार्कस ब्रॉडी, एवढंच कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. १९८१च्या पहिल्या भागात ब्रॉडी चांगला गंभीर, शहाणा माणूस आहे. स्वतःच्याच म्युझियममध्ये हरवणारा ब्रॉडी १९८९च्या तिसऱ्या भागातला. आता हा बदल चांगला की वाईट, यावर भांडायला माझी ना नाही!

पण इलियट यांची खरी तालीम कुठे झाली तेही सांगायला हवं. लंडनच्या राडा या नाट्यशाळेत ते जेमतेम एक सत्र टिकले. पुढे ब्रिटिश हवाई दलात वायरलेस ऑपरेटर झाले, १९४२मध्ये त्यांचं बॉम्बर विमान पडलं आणि युद्ध संपेपर्यंत ते जर्मनांच्या कैदेत होते. तिथल्या छावणीत कैद्यांची नाटक मंडळी काढून ते शेक्सपिअर करायचे. नंतर रंगभूमी, टीव्ही, सिनेमा सगळीकडे दुय्यम भूमिका केल्या, आणि सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार सलग तीन वर्षं नेला. त्यातला 'ट्रेडिंग प्लेसेस' या सिनेमातला बटलर नक्की बघा. विनोदी नट एडी मर्फी समोर असतानाही माझी नजर मात्र बटलरवरच जाते.