यूडेव्हचे रूल ९९ मध्ये टाकून मोकळं व्हा? अजिबात नाही

रबाळे_रात्रपाळी: यूडेव्ह म्हणजे लिनक्समध्ये यूएसबी, लॅन असली डिव्हाइसं ओळखून त्यांना नावं आणि परवानग्या देणारा प्रोग्राम, रूल म्हणजे त्याला दिलेल्या सूचना. काल एकाने लिहिलं, "रूलची फाइल ९९ नंबरने टाका, रिबूट मारा, विषय संपला." संपला कुठे? यूएसआर-लिब, रन, ईटीसी, या तिन्ही फोल्डरांतल्या फाइली यूडेव्ह एकत्र करून नावाच्या क्रमाने, म्हणजे सुरुवातीच्या नंबराप्रमाणे वाचतो, एकाच नावाच्या दोन असल्या तर ईटीसीवाली चालते. यूअ‍ॅक्सेसचा टॅग, म्हणजे लॉगिन केलेल्याला डिव्हाइस वापरू देणारी खूण, ९९ मध्ये टाकलात तर वाया, ती खूण बघणारी ७३-सीट-लेट फाइल आधीच होऊन गेलेली असते. मग लोक वैतागून ६६६, म्हणजे कुणीही वाचा-लिहा अशी परमिशन मारतात, ते बघून डोकं फिरतं. आणि रिबूट कशाला, यूडेव्हएडीएम कमांडने रीलोड आणि ट्रिगर करा ना.

वागळे_इस्टेट: पोस्ट माझीच. आमच्या डिस्पॅचला वजनकाटा आणि लेबल प्रिंटर, दोन्ही सीएच३४० या यूएसबी-सीरियल चिपवर. लाइट जाऊन आली की टीटीवाय-यूएसबी ० आणि १ या त्यांच्या नावांची अदलाबदल. ९९ मध्ये सिमलिंक, म्हणजे ठरलेलं टोपणनाव टाकलं, चालतंय. थिअरी नको.

रबाळे_रात्रपाळी: सिमलिंकला ९९ चालतं, तेवढं मान्य. पण सीएच३४० ला बहुतेकदा सीरियल नंबरच नसतो, व्हेंडर आयडीवर, म्हणजे कंपनीच्या नंबरावर, दोघंही तीच लिंक मागणार. रूलमध्ये कर्नेल्स ही अट टाकून पोर्टवर मॅच करा.

कळवा_खाडी: खरं दुखणं वेगळंय. पूर्वी यूडेव्हचा जनरेटर बूटलाच ७०-पर्सिस्टंट-नेट ही रूल फाइल लिहून ठेवायचा, लॅन कार्डाचा मॅक नंबर आणि त्याचं नाव ईटीएच०, पोरगंही वाचेल. २०१३ ला सिस्टमडीने, ज्यात यूडेव्हही येतो, कार्डाच्या जागेवरून ठरणारं ईएनपी३एस० असलं नाव आणलं, त्याला म्हणे 'प्रेडिक्टेबल'. फोनवर सांगून बघा ते दुकानदाराला!

ऐरोलीकरीण: आणि व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, क्लोन केली की? फाइलमध्ये जुना मॅक, नव्या कार्डाला ईटीएच१, नेटवर्क बंद. रात्री-अपरात्री त्या फाइली उडवल्यात मी. बूटला रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली, म्हणून रूल आधी दुसरीकडे लिहून मग ईटीसीत हलवायचा. मशीनने आपल्या कॉन्फिगमध्ये परस्पर लिहायचंच कशाला?

कळवा_खाडी: तुमची डेटासेंटरं तुम्हाला लखलाभ. नौपाड्यातल्या दुकानात क्लोन कोण करतंय? ग्राफिक कार्ड बसवलं, लॅनचं नाव बदललं, फायरवॉल बोंबलली. हे प्रेडिक्टेबल?

ऐरोलीकरीण: तो त्रास होतो, नाही म्हणत नाही. मग सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक देऊन लॅन० नाव ठेवा. ईटीएच० नको, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो, भांडण लागतं. आणि इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम, परत बनवा, आत जुनी कॉपी असते.

कळवा_खाडी: प्रत्येक दुकानात जाऊन? पेट्रोल तुम्ही देणार?

वागळे_इस्टेट: ते राहू द्या. पोरांनी वायर दुसऱ्या भोकात घातली तर?

रबाळे_रात्रपाळी: तिसऱ्या पोर्टात गेली तर लिंकच बनणार नाही, काम अडेल, चुकीच्या वजनापेक्षा बरं. दोघांच्या वायरी आपसात बदलल्या तर रूल काही करू शकत नाही, पोर्टांवर चिठ्ठ्या चिकटवा.

वागळे_इस्टेट: चिकटवतो. पोर्टचंही लिहितो. फाइल मात्र ९९ च राहणार.