ऊसतोड महिला आणि उष्णतेचा अभ्यास: संमती, भरपाई आणि गर्भवतींबद्दल प्रश्न

फडनोंद:
बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या ऊसतोड कामगारांत उष्णतेचा ताण आणि किडनीचं काम मोजायचं आहे, मार्चमध्ये, उसाच्या फडातच. मसुद्यात मुकादमाची (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) लेखी परवानगी, कोयत्यामागे ३०० रुपये भरपाई आणि गर्भवतींना वगळणं असं लिहिलंय. एथिक्स कमिटीने तिन्हींवर बोट ठेवलंय. नेमकं काय बदलू?

माणदेशी:
आधी भरपाई. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, बहुतेक नवऱ्याच्या नावावर, हिशोब मुकादमाकडे. कोयत्यामागे पैसे दिलेत तर रक्त तिचं आणि रक्कम त्याची, असं होईल. रक्कम माणशी ठेवा, तिच्याच हातात द्या, आणि ती बुडालेल्या वेळेच्या मजुरीइतकीच असू द्या. फार मोठी रक्कम म्हणजे आमिष. दिवस मोडला की खाड्याचे (गैरहजेरीचे) पैसे कापले जातात, त्यामुळे कामाच्या भर वेळात कोणाला थांबवू नका.

मुकादमाची परवानगी फडात पाय ठेवण्यापुरतीच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. उचल फिटायची असताना त्याच्यासमोर 'नको' म्हणायची हिंमत कोण करेल? पहिली संमती टोळी निघण्याआधी गावात घ्या आणि फडावर पुन्हा विचारा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी निष्पक्ष, साक्षर साक्षीदार लागतो. तो मुकादम नको, टोळीतला नको आणि तिचा नवराही नको.

लघवीची_पट्टी:
मोजमापातही बाई-पुरुष फरक आहे, तो मसुद्यात आणा. फडात संडास नसतो, म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. लघवीची विशिष्ट घनता १.०२० च्या वर, म्हणजे शरीरात पाणी कमी, अशी आली तर ती नुसत्या उन्हामुळे आली असं लिहाल, तर निष्कर्षच चुकेल. 'आज किती वेळा पाणी प्यालात, कुठे गेलात' हा प्रश्न हवाच. नमुन्यासाठी आडोशाचा तंबू आणि महिला कार्यकर्ती न्या, नाहीतर निम्म्या जणी नमुना देणारच नाहीत. मग तुमच्या आकडेवारीत पुरुषच जास्त उरतील.

पाळी चालू असताना पट्टीवर रक्त आणि प्रथिनं खोटी दिसू शकतात. पाळीची नोंद घ्या आणि नंतर पुन्हा तपासा. कमी स्नायू असलेल्या कुपोषित बाईचं क्रिएटिनिन (किडनीची नेहमीची रक्तचाचणी) नॉर्मल दिसूनही किडनीचं काम उतरलेलं असू शकतं. बजेट असेल तर निदान काही नमुन्यांत सिस्टॅटिन-सी करा, ही किडनीचीच दुसरी रक्तचाचणी, स्नायूंवर कमी अवलंबून असलेली. कानाचा थर्मामीटर उन्हात भरवशाचा नाही.

गर्भवतींबद्दल: त्या फडात मोळ्या वाहतातच. निरीक्षणात्मक अभ्यासातून त्यांना सरसकट वगळलं, तर सर्वांत जास्त धोका असलेल्यांबद्दलच माहिती नसेल. शरीराचं तापमान मोजायची गिळायची कॅप्सूल त्यांना देऊ नका, बाकी सगळं मोजा.

कोपीवरून:
संध्याकाळी कोपीवर (कामगारांच्या राहत्या झोपडीवर) मुलाखती घ्यायचा विचार असेल तर सोडा. त्या वेळी नवरा मोकळा असतो, बाई पाणी आणते आणि चूल पेटवते. शिवाय कोपीत नवरा आणि सासूच्या देखत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न विचारता येत नाही. तो वगळूनही चालणार नाही. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली होती. अंडाशयंही काढली असतील तर संप्रेरकं बदलतात, तुमच्या विश्लेषणात ते लागेल. फक्त 'केलीत का, कधी' एवढंच विचारा. 'का केलीत' म्हटलं की तिला दोष दिल्यासारखं होतं.

फडनोंद:
मग मुलाखती उसाची गाडी भरून झाल्यावर, महिला कार्यकर्तीमार्फत घेतो. जात आणि गावाची नोंद ठेवायची का?

माणदेशी:
नोंद ठेवा, छापताना मात्र जपा. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत वय, जात आणि शस्त्रक्रिया एका ओळीत आली की बाई ओळखू येते. तक्त्यात गट मोठे करा आणि गाव, कारखाना, टोळी काढा. कच्ची माहिती कारखान्याला किंवा मुकादमाला द्यायची नाही, हे संमतीपत्रातच लिहा. नाहीतर 'कमजोर किडनी' म्हणून पुढच्या हंगामात तिच्या जोडीला उचलच मिळणार नाही.

लघवीची_पट्टी:
रेफरलची सोय अभ्यासाआधी करून ठेवा. अहवाल तिला स्वतंत्रपणे, तोंडी समजावून आणि कागदावर द्या. वाईट निघाला तर फडाजवळ कुठे तपासायचं आणि गावी परतल्यावर कुठे, दोन्ही पत्ते त्याच कागदावर हवेत. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर महाराष्ट्रातली आरोग्य योजना तिथे चालेल असं गृहीत धरू नका, त्या बाजूचं सरकारी रुग्णालय आधीच गाठून ठेवा.