जुन्या गाड्यांचं मोटोक्रॉस: सुरुवात येझदीने की आरएक्स 100 ने?

काळीमाती
इंदूरकडे मोटोक्रॉससाठी, म्हणजे उड्या-चढांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी, जुनी दुचाकी उतरवायची म्हटलं की जो तो यामाहाची आरएक्स 100 शोधायला लागतो. माझ्या मते पहिली गाडी येझदी 250 असावी. तिचं इंजिन खालच्या आरपीएमलाच ओढतं, मालव्याच्या ओल्या काळ्या मातीत तेच कामाला येतं. आरएक्सला खाली दम नाही. सतत वर फिरवत ठेवावी लागते, आणि एकदम ताकद आली की नवशिक्याचं मागचं चाक सुटतं.

पोर्टिंग (सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं) आणि मोठ्या कार्ब्युरेटरवर पैसे घालवू नका. आधी क्रँकचे ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या रबरी कड्या, बघा. उभ्या गाडीत ते कडक होतात. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो. दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि लांब चढावर पिस्टन जाम होतो. तपासायला कार्ब्युरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्ट रबराने बंद करा, पिस्टन तळाशी आणा, प्लगच्या भोकातून 6 पीएसआय हवा भरा. पाच मिनिटं दाबमापकाचा काटा जागेवर राहायला हवा. उतरला तर गिअर ऑइलच्या झाकणाशी कान लावा. तिथे फुसफुस ऐकू आली तर क्लचकडचं सील गेलं समजा. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल.

पाचवा_लॅप
सीलचं शंभर टक्के खरं, गाडीचं नाही पटत. येझदी सुमारे 140 किलो, आरएक्स जेमतेम 100. नवशिका एका सरावात पाच-सहा वेळा पडतो. दर वेळी 40 किलो जास्त उचलून हात भरले की पुढची चूक ठरलेली. शिवाय येझदीची किक आणि गिअर एकाच लिव्हरवर. चिखलात बंद पडली की लिव्हर फिरवून वर घ्या, किक मारा, परत खाली आणा. तोवर सगळे पुढे निघून जातात. त्यात गिअर लिव्हर हलली की क्लच आपोआप सुटतो. जाड बूट तिच्यावर टेकून राहिला तर क्लचच्या प्लेटा घसरतात आणि जळतात.

काळीमाती
लिव्हरचा मुद्दा मान्य. पण बूट लिव्हरखाली ठेवायची सवय दोन सरावांत लागते. आणि जुनी म्हणायची तर किती जुनी? अमेरिकेतल्या विंटेज मोटोक्रॉसच्या मूळ वर्गात 1974 पर्यंतच्याच गाड्या, सस्पेन्शनची हालचाल पुढे 7 आणि मागे 4 इंचांपर्यंतच. आरएक्स आली 1985 ला.

पाचवा_लॅप
तो नियम तिकडचा. इथे शिकणाऱ्याला हलकी, पार्ट मिळणारी गाडी लागते.

टॉर्क_रेंच
दोघंही इंजिनात अडकलात. गाडी कोणतीही घ्या, घात होतो तो मागे. लोक लांब शॉक बसवतात आणि चेन पूर्वीसारखीच ताणतात. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) खालून वर येताना त्याचा पिव्होट (तो ज्यावर फिरतो तो बोल्ट), पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. म्हणून शॉक सोडून, चाक हाताने त्या रेषेत आणून, तिथे बोटभर ढील ठेवा. नाहीतर पहिल्याच मोठ्या उडीत चेन तुटते किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग बसतं. शॉक मूळच्यापेक्षा इंचाहून जास्त लांब नको. मागची बाजू उचलली की पुढचं चाक वेगात थरथरतं.

टायरमध्ये 12 ते 14 पीएसआय, पण रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लॅम्प) बसवूनच. नाहीतर ब्रेक दाबला की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. पुढचं मडगार्ड वर, फोर्कच्या खालच्या ब्रॅकेटला लावा. काळी माती टायर आणि पत्र्यात भरली की चाक अक्षरशः थांबतं.

काळीमाती
येझदीची चेन बंद डब्यात असते, चिखलात तो फायदाच.

टॉर्क_रेंच
एक तासापुरता. डब्यात माती गेली की बाहेर पडत नाही आणि दिसतही नाही. काढून टाका, दर फेरीनंतर चेन धुवा. आणि एक: फ्रेम कापली, दिवे काढले की मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 आडवं येतं. ट्रॅकवर गाडी टेम्पोतच न्या.