मदत हवी आहे: 'हार्ड'ला जर्मनमध्ये एकच शब्द सांगा

सायली_के
'हार्ड'ला जर्मनमध्ये नक्की काय म्हणायचं? डिक्शनरीत हार्ट, श्वेअर, श्वीरिश, फेस्ट असं काय काय दिलंय. मला एकच हवाय. फाइल संध्याकाळी द्यायची आहे, प्लीज लवकर सांगा.

गवतीचहा
वाक्य काय आहे?

सायली_के
वाक्य नाहीये. एक्सेलमध्ये नुसता शब्द आहे.

डॉइच_मावशी
अगं, पण तो कशाला लागतोय? दगड किंवा शिळा पाव असेल तर हार्ट. पेपर अवघड गेला तर श्वेअर किंवा श्वीरिश. कडाक्याचा हिवाळा 'स्ट्रेंगर विंटर'. कमी ऐकू येणारा माणूस श्वेअरह्योरिश. हार्ड डिस्क म्हणजे फेस्टप्लाटे, तिथे हार्ट येतच नाही.

अभ्यासू_पुणेकर
श्वीरिश टाका, सगळीकडे चालतं. मी बी-वन (जर्मनची मधली पातळी) करताना हेच वापरायचो.

डॉइच_मावशी
सगळीकडे कसं चालेल? श्वीरिश म्हणजे फक्त अवघड. 'श्वीरिगर मेन्श' म्हणजे ज्याच्याशी जमवून घेणं कठीण असा माणूस. श्वेअरमध्ये अवघडही येतं आणि जडही, म्हणून 'श्वेअरर कॉफर' म्हणजे जड बॅग. मुलांचा इथेच गोंधळ होतो.

अभ्यासू_पुणेकर
पण 'समजायला अवघड' म्हणताना जर्मन लोक दोन्ही वापरतात. मी स्वतः ऐकलंय.

डॉइच_मावशी
तिथे वापरतात, मान्य. तरी 'श्वेअर त्सू फेरश्टेहेन' जास्त सरावातलं आहे. आणि कडक वस्तूला दोन्ही चालत नाहीत.

रविवार_पेठ
सायलीताई, जर्मन शिकायचंच असेल तर सरळ मॅक्स म्युलर भवनला जा. बाहेरचे क्लास फक्त परीक्षेपुरतं शिकवतात.

गवतीचहा
त्यांना फाइल द्यायची आहे हो, ॲडमिशन नाही घ्यायची.

सायली_के
डिशवॉशरचं माहितीपत्रक आहे. हार्ड वॉटर, हार्ड ब्रश, डाग 'हार्ड टू रिमूव्ह', आणि एक हार्ड कॉपी. एका इंग्रजी शब्दाला एकच जर्मन शब्द असा क्लायंटचा नियम आहे. ग्लॉसरीत टाकला की सॉफ्टवेअर तोच सगळीकडे भरतं.

गवतीचहा
हे आधी सांगायचं ना! ग्लॉसरीत सुटं विशेषण लॉक करूच नका, नामासकट अख्खा तुकडा टाका. हार्टेस वासर. हार्टे ब्यूर्स्टे. डागाला 'श्वेअर त्सू एंटफेर्नेन'. हार्ड कॉपी म्हणजे छापून काढलेलं पान असेल तर आउसड्रुक. आणि बघा, वासर नपुंसकलिंगी, ब्यूर्स्टे स्त्रीलिंगी, त्यामुळे हार्टचा शेवट बदलतो. सॉफ्टवेअरने नुसतं 'हार्ट' भरलं तर व्याकरणही चुकणार. क्लायंटला हेच उदाहरण पाठवा, पटेल.

बर्लिनकर
हार्टेस वासर बरोबर आहे. इथे पाण्याचा कठीणपणा 'ग्राड डॉइचर हेर्टे'मध्ये मोजतात. ८.४ च्या खाली वाइश (सॉफ्ट), १४ पर्यंत मिटेल (मध्यम), त्यावर हार्ट. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर हेच तीन शब्द असतात, तेव्हा पत्रकातही तेच ठेवा. डिशवॉशरमध्ये तर मिठाचं सेटिंग यावरच ठरतं. बर्लिनचं पाणी हार्ट आहे, किटलीत पांढरा थर सारखा धरतो. मी सायट्रिक ॲसिड घालून उकळतो.

डॉइच_मावशी
उकळू नका! गरम पाण्यात सायट्रिक ॲसिडमुळे कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन उलट तेच तळाशी बसतं. गार पाण्यात घालून ठेवा, नाहीतर व्हिनेगर वापरा.

बर्लिनकर
व्हिनेगरचा वास घरभर राहतो, म्हणून टाळतो. गार पाण्यात करून बघतो.

सायली_के
तुकडे करून भरतेय, क्लायंटलाही मेल टाकली. आता खाली 'सॉफ्ट' आलाय: सॉफ्ट वॉटर, सॉफ्ट कापड, आतला सॉफ्ट लाइट. तिन्हीला वाइश?

गवतीचहा
पाणी आणि कापडाला हो: वाइशेस वासर, वाइशेस टूख. लाइटला गेडेम्प्फ्टेस लिश्ट लिहा.