सोप्रानो: तारसप्तकातली, उंच पट्टीची की आणखी काही?

गिरणाकाठ: ऑपेरा गायिका मारिया कॅलसवरच्या (१९२३–१९७७) लेखाचं भाषांतर चालू आहे. ‘सोप्रानो’ला, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत उंच स्त्री-आवाजाच्या गायिकेला, मी ‘तारसप्तकातली गायिका’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘उंच पट्टीची’ करा. कोणतं घ्यावं?

पांझरा: ताई, दोन्ही नको. पट्टी म्हणजे षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या सुरावर धरला ते. आपल्या गायिका काळी चार-पाचला षड्ज धरतात आणि तारसप्तक त्यावरून ठरतं. ऑपेरात असा कायमचा षड्ज नसतो. सोप्रानोचा पल्ला साधारण मधल्या पांढरी एकपासून वर दोन सप्तकं, म्हणजे २६२ ते १०४७ हर्ट्‌झ. मोत्सार्टच्या ऑपेरातलं ‘रात्रीची राणी’ हे पात्र त्याच्याही वर, पुढच्या पांढरी चारपर्यंत जातं.

केळीबाग: मला त्यात ‘प्राण’ ऐकू येतो. सारा खेळ श्वासाचा. ‘सुप्राणा’ म्हणा की!

पांझरा: आप्पा, मूळ इटालियन ‘सोप्रा’, म्हणजे वर. संस्कृत ‘उपरि’ त्याचा दूरचा भाऊबंद. प्राणाशी नातं नाही.

तापीमाय: नुसत्या पल्ल्यानं भागत नाही, आवाजाचं वजनही बघतात. कॅलसनं १९४९ साली व्हेनिसला वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डं गात असतानाच, दुसरी गायिका आजारी पडली म्हणून बेल्लिनीच्या ऑपेरातली एल्विरा उभी केली. ब्रुनहिल्डंला माइकशिवाय प्रचंड वाद्यवृंद भेदणारा आवाज लागतो, एल्विराला चपळ, हलक्या ताना. दोघी सोप्रानोच! मी तर ‘सोप्रानो’च ठेवते.

केळीबाग: मराठीनं हार्मोनियमची ‘पेटी’ केली, मग इथंच हात आखडता का?

पांझरा: पेटी वाजवणाऱ्यांच्या तोंडी रुळली, कोशात बसून कुणी घडवली नाही.

सातपुडा: उंचा आवाज शे म्हनीसन सोप्रानो व्हत नही, भाऊ. आमच्या खानदेशी लोकगायनात, वहीगायनात, डफावरून ऐकू जाणारा तो ‘खडा आवाज’. ब्रुनहिल्डंला ‘खड्या आवाजाची’ म्हणा.

तापीमाय: दादा, खडा आवाज छातीतून येतो. सोप्रानोनं तोच जोर वर ओढत नेला तर सूर डळमळतो, शेवटी फाटतो. वर जाताना सुराची कंपनं ‘इ’, ‘उ’च्या अनुनादाच्याही पुढे जातात, म्हणून जबडा मोकळा सोडावा लागतो. मग इ, उ, आ सगळे सारखेच ऐकू येतात. शब्द कळत नाहीत ते त्यामुळे, गायिकेचे उच्चार वाईट म्हणून नाही.

केळीबाग: ‘खडा’ हिंदीतला वाटतो. ‘खणखणीत’ घ्या.

सातपुडा: खणखणीत म्हणजे स्पष्ट. तापीमायनं तर आत्ताच सांगितलं, वर शब्द स्पष्ट राहतच नाहीत.

केळीबाग: खणखणीत नाद असतो, दादा, शब्दांचा काय संबंध?