अनुभव धागा: सकाळचं लिहिणं तुमच्या घरात कसं बसलं?

फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या बडोद्यात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथून येताना मी दोनशे पानी वही घेतली आणि रोज उजाडलं की लिहायचं ठरवलं. अकरा दिवस लिहिलं, मग सुटलं. दुसऱ्यांदा २०२१ च्या थंडीत सुरू केलं, ते अजून चालू आहे. या वेळी 'उजाडलं की' हे सोडून दिलं. आपल्याकडे जानेवारीत सव्वासात झाले तरी सूर्य वर आलेला नसतो, जूनमध्ये सहाच्या आतच येतो. उजेडाच्या भरवशावर राहिलं की दर ऋतूत घडी विस्कटते. आता चहाचं आधण ठेवलं की वही उघडते. आमच्या घरी चहा कधी चुकत नाही.

तुमचं कसं बसलं ते लिहा. मोडलं असेल तर कुठे मोडलं तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका

माझं शिक्षण गुजरातीत, नोकरी गुजराती शाळेत, मराठी फक्त घरात. निवृत्त झाल्यावर आईबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. आई दुपारची जिथे बसायची त्याला आम्ही जन्मभर 'हिंचको' म्हणत आलो. कागदावर मात्र वाटायचं, 'झोपाळा' लिहायला हवं. झोपाळा लिहिला की त्यावर बसलेली आई दुसऱ्याच कुणाची वाटायची. तीन आठवडे नुसती खोडत होते.

शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, तुझी वही तपासायला कोण बसलंय?" आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे हे मनाला फार लागलं. त्या दिवसापासून सकाळी खोडायचं नाही. हिंचको तर हिंचको. काय दुरुस्त करायचं ते रविवारी दुपारी. मग हिंचक्याच्या पितळी कड्या आल्या, त्यांची कुरकुर आली, कड्यांना खोबरेल लावणारं आईचं बोट आलं. त्या बोटावर विळीचा जुना व्रण होता, हे मी लिहीपर्यंत विसरले होते.

पाच ते पाच चाळीस लिहिते. सहाला नळाला पाणी येतं, मग मी माझी राहत नाही.

मकरपुरा, कारखान्यात पाळीवर

ताई, पाळ्या असणाऱ्यांचं वेगळं असतं म्हणून लिहितो. माझी एक आठवडा पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी. सगळे पाचला उठा म्हणतात, म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यातही झोप मोडून लिहायला लागलो. दोन महिन्यांनी मशीनवर डोळा लागला. काही झालं नाही, पण हातपाय गार पडले. लिहिणं लगेच थांबवलं.

सहा महिन्यांनी पुन्हा धरलं. आता झोप पुरी करायची आणि उठल्यावर मोबाईलला हात लावायच्या आधी अर्धं पान लिहायचं. घड्याळात तेव्हा कधी दुपारचे तीन असतात. मी त्यालाच सकाळ म्हणतो.

दांडिया बाजार, पुन्हा

दादा, झोपेचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या भाच्यालाही पाळ्या आहेत, त्याला वाचून दाखवते.

फतेगंज, विद्यार्थिनी

कमाटीबागेत चालताना छान वाक्य सुचायचं आणि घरी येईपर्यंत जायचं. आता ओढणीच्या टोकाला गाठ मारतात तशी खिशात छोटी वही ठेवते. बाकावर बसून पाच ओळी. एवढंच, पण रोज.

समा, बँकेतून निवृत्त

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. चार वर्षांच्या वह्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर होत्या. पाणी ओसरल्यावर एकेक पान गच्चीत दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलं. बॉलपेनचं वाचता येत होतं. एक वर्ष मी हौसेने शाईच्या पेनाने लिहिलं होतं, ती सगळी पानं निळसर कोरी. त्या वर्षी मला नातू झाला होता. रोज त्याच्याबद्दल दोन ओळी असायच्या.

लिहिणाऱ्यांनी वह्या माळ्यावर ठेवाव्यात आणि बॉलपेन वापरावं, हे मनापासून सांगतो.

पाणी घरात असतानाची पहिली सकाळ गच्चीवर काढली. वीज नव्हती, वही नव्हती. हिने भिंतीवरून काढून आणलेल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं. काय काय गेलं त्याची यादीच आहे. पहिली ओळ 'शेगडी', दुसरी 'आईची पोळपाट'. तो कागद मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.